आधी सेक्शन दाखवा

नवी मुंबईतल्या बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेज या वस्तीचे दोन फोटो शेजारी शेजारी लावायचे आणि वाद पेटवून द्यायचा, ही आता एक रीतच झाली आहे. डावीकडे १९८६च्या सुमारचं चित्र: बुटकी घरं, उतरती कौलं, मधे चौक, चौकात पोरं. उजवीकडे आजचं: तीन मजली आरसीसी, दर्शनी भिंतीला चकचकीत टाइल्स, स्टीलचं रेलिंग, खिडक्यांना पिंजऱ्यासारख्या ग्रिल. मग ठरल्याप्रमाणे दोन फळ्या पडतात. एक म्हणते, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी दिलेलं सोनं लोकांनी मातीमोल केलं. दुसरी म्हणते, आर्किटेक्टला तिथे राहायचं नव्हतं, राहणाऱ्याला खोल्या हव्या होत्या. दोन्हींकडे लाइक्स जमतात आणि चर्चा तिथेच संपते. माझं म्हणणं असं की या भांडणात दोन्ही फळ्या फोटोचीच परीक्षा घेत आहेत. वास्तूमागची कल्पना हा एक दावा असतो: अमुक असं बांधलं तर तमुक घडेल. दावा तपासता येतो. तो काय होता, कशाच्या भरवशावर होता, आणि त्यातलं काय टिकलं, एवढं विचारल्याशिवाय ‘छान’ आणि ‘भंगार’ या दोन्ही शब्दांना काडीची किंमत नाही.

बेलापूरचा दावा नीट मांडून बघू. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीसाठी १९८३ ते ८६ या काळात साडेपाच-सहा हेक्टरांवर सुमारे ५५० कुटुंबांची वस्ती झाली. प्लॉट ४५ चौरस मीटरपासून पुढे. सात घरांचा एक गट, त्यांच्या मधे साधारण ८ मीटर बाय ८ मीटरचा चौक. असे तीन गट मिळून २१ घरं आणि त्यांचा १२ बाय १२चा मोठा चौक. अशी चढती उतरंड. कोणत्याही दोन घरांत सामाईक भिंत नाही. नळ आणि ड्रेनेजचा खर्च वाचावा म्हणून संडास जोडीजोडीने पाठीला पाठ लावून. बांधकाम असं की गावातला गवंडी ते करू शकेल आणि घरमालक पुढे वाढवू शकेल.

यात निदान तीन वेगवेगळे दावे आहेत आणि तिघांचे निकालही वेगवेगळे लागतात. पहिला: शेजाऱ्याची परवानगी न मागता, त्याच्या भिंतीला हात न लावता घर वाढवता आलं पाहिजे. हा दावा शंभर टक्के खरा ठरला. उजवीकडचा फोटो, ज्याला पाहून पहिली फळी हळहळते, तो याच दाव्याचा पुरावा आहे. सामाईक भिंत असती तर एकाने पाडताना दुसऱ्याच्या घरात तडे गेले असते आणि बांधकामं कोर्टात अडकली असती. दुसरा दावा: घर हळूहळू, मूळ घराला धरून वाढेल. हा फसला, आणि फसण्याचं कारण लोकांची अभिरुची नसून छप्पर आहे. उतरतं कौलारू छप्पर उतरवल्याशिवाय वर मजला चढत नाही. छप्पर काढलं की खालच्या भिंतींचा प्रश्न येतो. नऊ इंची विटांची भार वाहणारी भिंत एखादा मजला पेलेल, पण तीन मजले म्हटल्यावर कोणताही ठेकेदार कॉलम-बीमची फ्रेमच सुचवणार, आणि फ्रेमचे फूटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, घ्यायचे तर जुनं जोतं उकरावं लागणार. म्हणजे ‘वाढवा’ या शब्दाचा तांत्रिक अर्थ ‘पाडा’ असाच होता. पहिल्या दिवसापासून सपाट स्लॅब आणि कोपऱ्यांत पुढच्या कॉलमसाठी सोडलेल्या सळ्या असत्या तर डावीकडचा फोटो तितका देखणा आला नसता. जुनी घरं मात्र कदाचित आजही नव्या मजल्यांच्या पोटात उभी असती.

तिसरा दावा चौकाचा: सात कुटुंबं तो आपला मानतील. इथे एक गणित कुणी मांडत नाही. चौक ६४ चौरस मीटरचा. एक मोटार उभी करायला अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर लागतात. सात घरांच्या सात मोटारी म्हणजे साडेसत्त्याऐंशी. आत-बाहेर करायची जागा न धरताच चौक अपुरा. १९८३ साली या उत्पन्नगटातल्या घरटी एक मोटार कुणी धरली नव्हती, आणि तो दोष कुणाच्या माथी मारायचं कारण नाही. पण चौकाची कल्पना एका न लिहिलेल्या गृहीतकावर उभी होती हे मान्य केलं, तर पुढचा आर्किटेक्ट पार्किंग वस्तीच्या कडेला ठेवून चौक वाचवण्याचा विचार करील. ‘लोकांना कदर नाही’ एवढंच म्हटलं तर त्याच्या हाती काय लागणार?

ही फोटो बघून निकाल देण्याची सवय येते कुठून? इंटरनेटवर खापर फोडणं सोपं आहे, पण मूळ आर्किटेक्चरच्या कॉलेजांत आहे. विद्यार्थ्याचं काम तपासण्याची आपल्याकडची ‘ज्यूरी’ ही पद्धत पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेच्या परंपरेतून, विलायतेमार्गे आलेली. तिथे परीक्षक बंद दाराआड शीट्स, म्हणजे ड्रॉइंगचे कागद, बघून निकाल लावत. आपण दार उघडलं आणि विद्यार्थ्याला शीट्सपुढे उभं केलं. पंधरा-वीस मिनिटांचा वेळ, रात्र जागून काढलेलं पोर, आणि पहिला प्रश्न: ‘कन्सेप्ट काय आहे?’ उत्तर येतं: पानासारखा प्लॅन, लाटेसारखं छप्पर, ‘आत आणि बाहेर यांचा संवाद’. या उत्तरांची गंमत अशी की ती कधी चूक ठरूच शकत नाहीत. छप्पर लाटेसारखं आहे की नाही याचा पुरावा कोण मागणार? चांगला परीक्षक लाटेला हात लावत नाही. तो म्हणतो, ‘सेक्शन दाखव.’ सेक्शन म्हणजे इमारत उभी कापली तर आत काय दिसेल त्याचं ड्रॉइंग. त्यात लाट कुठे टेकते, दोन लाटांच्या मधल्या खोबणीत जूनचं पाणी कुठे जातं, आणि खालच्या माणसाच्या डोक्यावर किती उंची उरते, हे सगळं उघडं पडतं. हेच शिक्षण घेऊन पोरं बाहेर पडतात, लेख लिहितात, बक्षिसांच्या समित्यांवर बसतात. मग वाचकानेही इमारतीबद्दल ‘संवाद साधते’, ‘प्रवाही आहे’ असंच बोलायला शिकावं यात नवल काय?

सेक्शन म्हणजे काय चीज आहे हे एका छज्ज्यावरून सांगतो. कोकणात पश्चिमेकडची खिडक्यांची भिंत घ्या. खिडकी १२०० मिलिमीटर उंच, वर ६०० मिलिमीटर बाहेर आलेला छज्जा. पाऊस सरळ पडला तर सगळं कोरडं. पण नैर्ऋत्येच्या वाऱ्याने तो ४५ अंशांत तिरपा झाला की ६०० मिलिमीटरचा छज्जा खाली ६०० मिलिमीटरच झाकतो. अर्धी खिडकी भिजली. वारा वाढला की सगळीच. आता छज्ज्याची खालची कड बघा. कडेपासून इंचभर आत, बोटाच्या पेराएवढी रुंद खाच लागते. ती असली की पाणी तिथे तुटून खाली टपकतं; नसली की छज्ज्याच्या पोटाला चिकटून आत सरकतं, भिंतीपर्यंत येतं आणि चौकटीच्या डोक्यावर मुरतं. ही खाच ड्रॉइंगमध्ये असते. साइटवर प्लास्टर करणारा ती धरतोही. दोन वर्षांनी रंगारी येतो आणि पुट्टी मारताना ‘फिनिशिंग’च्या नादात ती भरून टाकतो. पुढच्या पावसाळ्यात आतल्या भिंतीला पोपडे येतात आणि सोसायटी वॉटरप्रूफिंगवाल्याला गच्चीवर पाठवते! थ्रीडी चित्रात ही खाच नसते, पाऊस तर नसतोच.

दुसरं उदाहरण मुंबईतलं. ‘आजकालच्या इमारतींना चेहरा नाही, बिल्डरला सौंदर्यदृष्टी नाही’ हा तक्रारीचा सूर सगळ्यांच्या ओळखीचा आहे. एक काळ असा होता की प्रत्येक नव्या टॉवरच्या खिडकीबाहेर काँक्रीटचा फुलांचा वाफा दिसायचा, ज्याला सगळे ‘फ्लॉवर बेड’ म्हणत. मुंबईकरांना अचानक बागेचा छंद लागला होता का? हे वाफे एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्या मर्यादेत, मोजले जात नसत. म्हणून ते प्लॅनमध्ये दाखवायचे, पुढे त्यांची फरशी खोलीच्या पातळीला आणायची, खिडकी बाहेर सरकवायची आणि तीच जागा गिऱ्हाइकाला खोली म्हणून विकायची. जानेवारी २०१२मध्ये नियम बदलला. बाल्कनी, फ्लॉवर बेड, व्हॉइड असल्या गोष्टी एफएसआयमध्ये मोजायच्या आणि बदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्के ‘फंजिबल’, म्हणजे हवा तसा वापरता येणारा, जादा एफएसआय प्रीमियम घेऊन द्यायचा, असं ठरलं. त्यानंतर पास झालेल्या प्लॅनमधून वाफे नाहीसे झाले. लोकांची आवड रातोरात बदलली नव्हती. फायलीतला एक तक्ता बदलला होता. अशा इमारतीच्या चेहऱ्यावर शैलीची चर्चा करणं म्हणजे इन्कम टॅक्सच्या फॉर्मवर रसग्रहण लिहिणं. जो या चर्चेत उतरतो त्याने विकास नियंत्रण नियमावलीची चार पानं तरी चाळलेली असावीत, ही अपेक्षा जास्त आहे का?

आता समोरच्या बाजूचं ऐकू, कारण तिच्यात दम आहे. पहिला आक्षेप: सगळं असं छज्जा-खाच-एफएसआयवर आणलं तर सौंदर्याचं काय? एक थेंबही न गळणारी इमारत जीव नकोसा करणारी असू शकते. कबूल. सरकारी खात्यांनी बांधलेल्या कितीतरी वसाहती कोरड्याठाक आहेत आणि तिथून लवकर निघावंसं वाटतं. पण सौंदर्याबद्दलही नेमकं बोलता येतं. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती २०१८मध्ये व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह जागतिक वारसा यादीत गेल्या. त्या देखण्या का? कोपऱ्यावरून वळत जाणारा, भुवईसारखा सलग छज्जा आडव्या रेषा बांधतो, म्हणून शेजारच्या दोन इमारती वेगवेगळ्या मालकांच्या असूनही डोळा अडखळत नाही. उंची साधारण एकसारखी, समोर समुद्राचा मोकळा पट्टा, म्हणून ती रांग एका नजरेत मावते. तीच भुवई ऊन आणि पाऊसही अडवते, पण ती नुसती दिसायला असती तरी वरचं निरीक्षण खरंच राहिलं असतं. ‘मला आवडलं’ हे वाक्य खोटं नाही, अर्धवट आहे. कुठे उभं राहून, किती वाजता, कशाच्या शेजारी आवडलं, हे पुढे आलं की दुसऱ्याला त्यावर बोलता येतं.

दुसरा आक्षेप हमखास येतो आणि त्याचं नाव आयफेल. १८८७च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या नामवंत लेखक-कलावंतांनी टॉवरविरुद्ध जाहीर निषेधपत्र छापलं. त्यात कथाकार मोपासाँ होते, ऑपेरा हाऊस बांधणारे गार्निए होते. पुढे काय झालं ते जग जाणतं. तेव्हा नव्या कल्पनेला प्रश्न विचारू नका, काळ ठरवेल! ऐकायला बिनतोड वाटतं. पण या युक्तिवादात मेलेल्यांची मोजदाद नाही. ज्या नव्या कल्पनांना लोकांनी नावं ठेवली आणि ज्या खरोखरच वाईट निघाल्या, त्यांची पोस्टकार्डं कुणी छापत नाही. शिवाय आयफेलने दिलेलं उत्तर लोक विसरतात. त्याने ‘तुम्हाला कला कळत नाही’ असं म्हणून हात झटकले नाहीत. चार पायांची ती वक्र रेषा वाऱ्याच्या दाबाच्या हिशेबातून आली आहे आणि तिच्यातच तिचं सौंदर्य आहे, असं त्याने मांडलं. म्हणजे त्याने सेक्शन दाखवला. आणि टॉवर टिकला तो तरी निव्वळ रुचीच्या जोरावर का? परवाना २० वर्षांचा होता. बिनतारी संदेशांसाठी एवढी उंच जागा लष्कराला कामाची वाटली म्हणून तो वाचला.

सिडनीचं ऑपेरा हाऊस मला या बाजूचं सर्वांत अवघड उदाहरण वाटतं. १९५७च्या स्पर्धेत योर्न उत्झन जिंकले तेव्हा त्यांच्याकडे मोजकीच रेखाटनं होती. ते शिंपले उभे कसे राहणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या टप्प्यावर कडक हिशेब मागितला असता तर ही इमारत झालीच नसती, असं म्हणणाऱ्याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. एवढं मात्र सांगता येतं: राजकारण्यांच्या घाईपोटी १९५९मध्ये खालचं जोतं बांधायला घेतलं, छपराची भूमिती ठरायच्या आधीच. पुढे छप्पर अपेक्षेपेक्षा जड निघालं, तेव्हा जोत्यातले खांब पुन्हा करावे लागले. ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला आणि १९६३ची मुदत १९७३ला गाठली. आणि कोडं सुटलं ते कसं? सगळे शिंपले सुमारे ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलाचे तुकडे मानले, म्हणजे फासळ्या त्याच त्या साच्यांतून ओतता आल्या. प्रश्नांनी कल्पना मारली नाही. प्रश्नाच्या उत्तरातूनच ती बांधण्याजोगी झाली. उशीर झाला तो प्रश्न उशिरा विचारल्याचा.

तिसरा आक्षेप आर्किटेक्ट मंडळींचा लाडका: देखभाल आमच्या हातात नाही, मग वीस वर्षांनंतरच्या अवस्थेवरून आम्हाला का तोलता? याचं उत्तर देण्याआधी अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातल्या प्रुइट-आयगो या सरकारी वसाहतीकडे बघायला हवं. आर्किटेक्ट मिनोरू यामासाकींनी आखलेल्या ११ मजली ३३ इमारती १९५०च्या दशकाच्या मध्यावर उभ्या राहिल्या आणि १९७२ ते ७६ या काळात पाडल्या गेल्या. समीक्षक चार्ल्स जेंक्स यांनी जाहीर केलं की आधुनिक वास्तुकला १५ जुलै १९७२ला दुपारी ३ वाजून ३२ मिनिटांनी मेली. खरं तर पहिली इमारत मार्चमध्येच उडवली होती, पण एवढ्या नेमक्या मिनिटाची मोहिनी अशी की जगभरच्या वर्गांत ते वाक्य पाठ झालं. या इमारतींना मोठा पुरस्कार मिळाला होता ही दंतकथाही त्यासोबत फिरते. तसा पुरस्कार त्यांना मिळालेला नव्हता. यामासाकींनी आधी उंच आणि बैठ्या इमारतींचं मिश्रण सुचवलं होतं, ते खर्चाचं कारण देऊन सरकारी यंत्रणेने कापलं. देखभालीचा पैसा भाडेकरूंच्या भाड्यातून यायचा होता. पण शहरच रिकामं होत गेलं: १९५०मध्ये साडेआठ लाखांवर असलेली वस्ती १९७०मध्ये सव्वासहा लाखांच्या आत आली. भाडेकरू कमी, भाडं कमी, दुरुस्ती बंद, मग आणखी भाडेकरू गेले.

मग आर्किटेक्ट निर्दोष? इतक्यात नाही. लिफ्ट पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावरच थांबायची. बाकीच्यांनी जिना चढायचा-उतरायचा. लिफ्टवरचा खर्च वाचेल आणि त्या मजल्यांवरच्या लांब गॅलऱ्यांत शेजार फुलेल, असा दावा होता. त्या गॅलऱ्यांवर कुणाचीच नजर राहिली नाही आणि जिने लुटालुटीचे अड्डे झाले. आर्किटेक्ट आणि नगररचनाकार ऑस्कर न्यूमन यांनी दाखवून दिलं की रस्त्यापलीकडची कार स्क्वेअर व्हिलेज ही बैठी वस्ती, तशाच लोकांची, त्याच काळात भरलेली आणि शांत होती. म्हणजे माणसं तीच, शहर तेच, फरक रचनेचा. हा मुद्दा देखभालीच्या सबबीत विरघळत नाही. आणि पैशाची साखळी तुटल्याचा मुद्दा न्यूमनच्या निरीक्षणाने पुसला जात नाही. दोन्ही खरे आहेत, म्हणूनच ‘दोषी कोण’ हा प्रश्न निरुपयोगी ठरतो. उपयोगी प्रश्न हा, की ज्या कुटुंबांचं उत्पन्न अमुक आहे त्यांच्या भाड्यातून बाराव्या वर्षी लिफ्टची दुरुस्ती निघते का? तो ड्रॉइंग बोर्डवरच विचारता आला असता. देखभाल आर्किटेक्टच्या हातात नसते हे खरं, पण कशाला किती देखभाल लागेल हे त्याच्याच पेन्सिलीतून ठरतं.

आपल्याकडे २०२०च्या डिसेंबरात अहमदाबादच्या आयआयएमचा वाद झाला तेव्हा हेच पुन्हा घडलं. अमेरिकन आर्किटेक्ट लुई कान यांनी आखलेल्या १८ वसतिगृहांपैकी १४ पाडून नवी बांधायचा प्रस्ताव आला. एक बाजू गळती, ओल, विटांची प्रत आणि २००१चा भूकंप सांगत होती. दुसरी बाजू जागतिक वारसा, कान, प्रकाश-सावली. जगभरातून पत्रं आली आणि जानेवारी २०२१च्या पहिल्याच दिवशी प्रस्ताव मागे घेतला गेला. पण चर्चेत काय सापडलं? कोणत्या स्लॅबमधून पाणी येतं, विटांच्या आतली सळई कुठे गंजली आहे, एका वसतिगृहाच्या दुरुस्तीला काय पडेल आणि ती किती वर्षं टिकेल, यावर सह्यांच्या मोहिमांत फारसं कुणी बोललं नाही. वास्तविक त्याच आवारातल्या विक्रम साराभाई ग्रंथालयाच्या जीर्णोद्धाराला २०१९मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला होता. म्हणजे त्याच विटा, तेच हवामान आणि केलेल्या दुरुस्तीचा आयता नमुना शंभर पावलांवर होता. पाडा म्हणणाऱ्यांनी तो का पुरत नाही हे सांगायला हवं होतं, आणि वाचवा म्हणणाऱ्यांनी तो आकड्यांनिशी पुढे करायला हवा होता. सह्यांनी पाडणं पुढे ढकलता येतं, गळती नाही.

हे सगळं मोठ्या नावांपुरतं नाही. पुनर्विकासाच्या प्रत्येक सोसायटीच्या सभेत थ्रीडी फिरतं. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या अंगणात, गर्द झाडी, तिच्यातून वाट, वाटेवर आजी-आजोबा. सभासद टाळ्या वाजवतात नाहीतर ‘एलिवेशन जरा साधं वाटतं’ म्हणतात. झाडाकडे बघा. बऱ्यापैकी वाढणाऱ्या झाडाला मीटर-सव्वा मीटर माती लागते. भिजलेली माती घनमीटरला पावणेदोन ते दोन टन भरते. म्हणजे स्लॅबच्या दर चौरस मीटरवर झाडाचं वजन सोडूनच दोनेक टन. राहत्या खोलीचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला सुमारे २०० किलो चल भार, म्हणजे माणसं-सामानाचं वजन, धरून काढतात. दहापट फरक आहे! त्याशिवाय मुळं वॉटरप्रूफिंग फोडू नयेत म्हणून वेगळा थर, पाणी काढायला खडीचा थर आणि दीड-दोन टक्के उतार. हे सगळं खालच्या पार्किंगच्या छतात धरलेलं नसेल तर ताबा मिळेल त्या दिवशी झाडांच्या जागी कुंड्या आणि कृत्रिम हिरवळ असेल. म्हणून सभेत रंगावर बोलायच्या आधी पोडियमचा सेक्शन मागावा, मातीची जाडी आणि स्लॅबला धरलेला भार त्यावर लिहून घ्यावा. ‘डिटेल नंतर येईल’ असं उत्तर आलं तर ते तसंच्या तसं, तारखेसह, इतिवृत्तात नोंदवून घ्यावं.